गुडघ्याचं कॉम्प्युटर मॉडेल करताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या मॉडेलमधला माणूस सपाट जमिनीवर सावकाश चालत होता, आणि त्याच्या गुडघ्यावर वजनाच्या पाचपट भार पडत होता. आलेख गुळगुळीत, रंगीत चित्र देखणं, सॉफ्टवेअरची काही तक्रार नाही. सरांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "हा चालतोय की गच्चीवरून उडी मारतोय?"

दोन आठवडे मी स्नायूंची सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिली. चूक निघाली फोर्स प्लेटच्या, म्हणजे पावलाचं बल मोजणाऱ्या जमिनीतल्या पाटाच्या, कोपऱ्यात. प्लेटची जागा मी भलत्याच कोपऱ्यापासून मोजली होती, त्यामुळे पाऊल टेकल्याची जागा १० सेंमी सरकली होती. हिशोब तोंडी होण्यासारखा आहे. ७० किलोच्या माणसाला जमिनीकडून साधारण ७०० न्यूटन बल मिळतं. ते १० सेंमी सरकलं की गुडघ्याभोवती ७० न्यूटन-मीटरचा फुकटचा मोमेंट, म्हणजे सांधा वळवू पाहणारा जोर, तयार होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूला गुडघ्यापाशी मिळणारी तरफ जेमतेम ४ सेंमीची. म्हणजे मुळात नसलेल्या मोमेंटशी झुंजायला त्याने १७५० न्यूटन जास्त ओढायचं, आणि ती सगळी ओढ शेवटी सांध्यावरच दाबून बसते.

गुडघ्याच्या झिजेवर, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसवर मॉडेल करणाऱ्यांची बहुतेक गडबड अशी गुडघ्याच्या बाहेरच होते. म्हणून उत्तर आलं की आधी ते एका साध्या आकड्याशी ताडून बघा. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांमध्ये सेन्सर बसवलेले कृत्रिम गुडघे घातले आणि भार थेट मोजला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत सपाट चालताना वजनाच्या साधारण अडीचपट आणि जिना उतरताना साधारण साडेतीनपट भार दिसला. हे गुडघे 'वाटी बदललेले' आहेत, मूळचे नाहीत, हे खरं. तरी तुमचं उत्तर चारपटीच्या वर गेलं, तर रुग्णाला दोष देण्याआधी प्लेट, फिल्टर (सिग्नलमधली थरथर गाळणारी चाळणी) आणि एककं तपासा. मार्कर (कॅमेऱ्याने हालचाल टिपायला अंगावर चिकटवलेले ठिपके) आणि फोर्स प्लेट यांचे सिग्नल वेगवेगळ्या कटऑफवर, म्हणजे गाळण्याच्या वेगवेगळ्या मर्यादेवर, फिल्टर केले की टाच टेकताना खोटे सुळके उठतात, तेही बघून घ्या.

उलट उत्तर वजनाइतकंच, एकपट आलं तर? मग तुम्ही स्नायू मोजलेलेच नाहीत. इन्व्हर्स डायनॅमिक्समधून, म्हणजे हालचाल आणि जमिनीचं बल यांवरून केलेल्या उलट्या हिशोबातून, निघणारं सांध्याचं बल आणि हाडाला हाड प्रत्यक्ष किती दाबतं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात स्नायूंची ओढ धरलेली नसते. हा गोंधळ मी छापील प्रबंधातही पाहिला आहे.

तयार मॉडेलला नको तो प्रश्न विचारणं

ओपनसिम हे हालचालीच्या मॉडेलांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सोबत तयार मॉडेलं येतात, आणि आपण लगेच कामाला सुटतो. त्यातलं 'गेट २३९२' हे मॉडेल मुळात ७५.१६ किलो वजनाच्या, १.८ मीटर उंचीच्या माणसाचं. त्याचा गुडघा फक्त वाकतो आणि सरळ होतो, आतबाहेर झुकतच नाही. झीज बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे आपला प्रश्नच आतल्या आणि बाहेरच्या कप्प्यात भार कसा वाटला जातो हा. त्यासाठी दोन कप्पे वेगळे असलेलं मॉडेल घ्यावं लागतं, आणि ते रुग्णाच्या पायाच्या सरळ रेषेवर बेतावं लागतं. धनुष्यासारखे वाकलेले पाय असलेल्या आजींना सरळ पायांचं मॉडेल लावलं, तर आजारच मॉडेलबाहेर राहतो.

सांध्यावरच्या बलाबद्दल आणखी एक. ओपनसिम ते बल मुळात जमिनीच्या अक्षांत देतं. नडगी तिरकी असताना त्यातलं 'उभं' बल म्हणजे दाब नव्हे. ते नडगीच्या अक्षांत द्यायला सांगा, आणि बल कोणत्या हाडावर धरलंय तेही बघा, नाहीतर चिन्ह उलटतं.

गुडघ्याचा अक्ष, म्हणजे ज्या रेषेभोवती तो वाकतो ती, चुकणं हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात कमी वेळा पकडलं जातं. स्थूल रुग्णाच्या मांडीवरचे मार्कर चालताना कातडीबरोबर हलतात, आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपून मार्कर लावताना थोडं पुढेमागे होतंच. ओळखायची खूण सोपी. आतबाहेर झुकण्याचा आलेख वाकण्याच्या आलेखासारखाच दिसतोय का? पाऊल हवेत असताना, गुडघा सर्वांत जास्त वाकतो तिथेच झुकण्याचाही डोंगर उठतोय का? मग तो झुकाव खरा नव्हे, वाकण्याची गळती आहे. अक्ष दुरुस्त करून पुन्हा चालवा.

आणि दुखऱ्या गुडघ्याचा माणूस निरोगी माणसासारखे स्नायू वापरत नाही. तो पुढचे आणि मागचे स्नायू एकदम आवळून सांधा जखडतो. स्टॅटिक ऑप्टिमायझेशन, म्हणजे स्नायूंत ओढ वाटून देण्याचं गणित, मात्र कमीत कमी स्नायूंत काम भागवतं, त्यामुळे नेमका आपल्याच रुग्णाचा भार कमी दाखवतं. ईएमजी (स्नायूंच्या विजेची नोंद) मिळत असेल तर ते मॉडेलला द्या. मिळत नसेल तर निष्कर्षात हे स्पष्ट लिहा.

मेश फाटतो तेव्हा

आता फाइनाइट एलिमेंट, म्हणजे हाड आणि कूर्चा यांचे बारीक तुकडे (मेश) पाडून प्रत्येकातला ताण काढणं. फेबायो या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच पायरीला 'निगेटिव्ह जेकोबियन', म्हणजे मेशचा तुकडा उलटापालटा झाल्याची तक्रार, आलं की मुलं मेश बारीक करत सुटतात. आधी बघा की मांडीच्या आणि नडगीच्या हाडावरची कूर्चा सुरुवातीलाच एकमेकींत घुसलेली तर नाही. एमआरआयवर कूर्चेच्या कडा रंगवताना असं सहज होतं. ओएआय (ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह) या अमेरिकी प्रकल्पाची विदा आपल्यापैकी बरेच जण वापरतात. २००४ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पात ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ लोकांची नोंद आहे. त्यातले काप ०.७ मिमी जाडीचे, आणि गुडघ्याची कूर्चा जेमतेम २ ते ४ मिमी. एका कापाची चूक म्हणजे जाडीच्या पाव हिश्श्याची चूक होऊ शकते.

उलटही होतं. दोन हाडं एकमेकांना टेकलेलीच नसतात, तुम्ही थेट बल लावता आणि हाड अंतराळात निघून जातं. आधी विस्थापन देऊन हाडं हळूच टेकवा, संपर्क बसू द्या, मग बलावर या. लिगामेंट ढिली सोडली असतील तरी सांधा असाच तरंगतो. झोपवून काढलेल्या एमआरआयमध्येही खऱ्या लिगामेंटमध्ये थोडा ताण असतोच, तो मॉडेलमध्ये द्यावा लागतो. एककांची आठवण सॉफ्टवेअर करून देणार नाही. मिलिमीटर आणि न्यूटन घेतलेत, तर ताठरपणा मेगापास्कलमध्येच हवा.

कूर्चेचे गुणधर्म निवडताना वेळ विसरू नका. कूर्चा पाण्याने भरलेल्या स्पंजासारखी असते. सावकाश, तासभर दाबली तर पाणी निघून जातं आणि तिचा ताठरपणा १ मेगापास्कलच्या आतबाहेर भरतो. पण पाऊल टेकण्याचा क्षण सेकंदाच्या काही अंशांचा. तेवढ्यात पाणी बाहेर पडतच नाही, आणि सुरुवातीला ९० टक्क्यांहून जास्त भार पाणीच पेलतं. म्हणून शोधनिबंधातून सावकाश चाचणीचा आकडा उचलून चालण्याच्या मॉडेलला चिकटवला, की कूर्चा लोण्यासारखी दबते. चालण्याच्या एका पावलासाठी जवळजवळ न दबणारा, जास्त ताठ पदार्थ चालतो. तासभर उभं राहण्याचा अभ्यास असेल तर बायफेजिक, म्हणजे घन भाग आणि पाणी वेगळे धरणारं, मॉडेलच हवं. न दबणाऱ्या पदार्थाला साधे चार टोकांचे टेट्राहेड्रॉन (मेशचे चार पृष्ठांचे तुकडे) देऊ नका, ते अडकतात आणि कूर्चा दगडासारखी वागते.

लाल ठिपका म्हणजे उपचार नव्हे

चित्रात जास्त ताण म्हणून लाल दिसणारी जागा दाखवून 'इथे झीज होणार' म्हणणं सोपं असतं. डॉक्टरांना मात्र विचारायचं असतं की याला इन्सोल (बुटात घालायचा तळवा) द्यायचा, चाल बदलायची, की हाड कापून पाय सरळ करायचा. तिथे बहुतेक जण अ‍ॅडक्शन मोमेंटवर, म्हणजे गुडघा बाहेर धनुष्यासारखा वाकवू पाहणाऱ्या मोमेंटवर विसंबतात. तो कमी झाला की आतल्या कप्प्याचा भार कमी झालाच, असं धरतात. पण सेन्सरवाल्या गुडघ्यावरच्या २०१० मधल्या एका अभ्यासात पहिल्या शिखराशी (पाऊल टेकल्यावर भार पहिल्यांदा चढतो तिथे) मोमेंट उतरला तरी आतला भार तसा उतरला नाही, कारण गुडघा वाकवणारा मोमेंट त्याच वेळी वाढला होता. दोन्ही मोमेंट शेजारी ठेवून बघा.

सरसकट उपायही असाच फसतो. बाहेरच्या कडेला उंच असलेल्या इन्सोलची ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. २०११ मधल्या तिच्या निष्कर्षात सपाट इन्सोलपेक्षा दुखण्यात फरक दिसला नाही. याउलट २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ६८ जणांच्या अमेरिकी चाचणीत प्रत्येकाच्या चालीची मोजणी करून पावलाचा कोन ठरवला. कुणाला बोटं आत, कुणाला बाहेर, ५ किंवा १० अंश. वर्षाअखेरीस त्यांचं दुखणं, मूळ कोनातच चालायला शिकवलेल्या गटापेक्षा जास्त कमी झालं. गंमत म्हणजे कोन निवडायला त्यांनी वापरला तो अ‍ॅडक्शन मोमेंटच. म्हणजे तो टाकाऊ नाही, फक्त माणसामाणसाला मोजून वापरायचा.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. ही सगळी मॉडेलं खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशांत घडली. ओपनसिमच्या २०१६ मधल्या पूर्ण शरीराच्या मॉडेलचा गुडघा १२० अंशांपर्यंतच नीट वाकायचा, २०१७ मध्ये सुधारून तो १४० अंशांपर्यंत नेला. उकिडवं बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि भाराचा काही हिस्सा सांध्याला वगळून तिथूनच जातो. बहुतेक मॉडेलांत ही टेकण असतच नाही. मांडी घालून बसण्यात तर खुबा आणि नडगी दोन्ही पिळलेली असतात. आणि दवाखान्यात रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मांडी घालता येईल ना?" त्यावर माझ्या अहवालात सध्या एकच ओळ असते: हे मॉडेल ९० अंशांच्या पुढे तपासलेलं नाही.