ठोशांचे, गोळ्यांचे इंग्रजी वाक्प्रचार वापरताना

नोकरी सांभाळून इंग्रजी शिकायला येणारी मोठी माणसं वाक्प्रचारांचे अर्थ भराभर पाठ करतात. अडतात ती वापरात. म्हणून प्रत्येक वाक्प्रचारापुढे 'कोण, कोणासाठी, कुठे' हे मी वहीत लिहायला लावते.

'बेंड ओव्हर बॅकवर्ड्स' म्हणजे जिवाचं रान करणं, पण बहुधा दुसऱ्याच्या सोयीसाठी. स्वतःच्या परीक्षेसाठी रात्री जागलात तर 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणा. 'फाइट टूथ अँड नेल' म्हणजे जिवाच्या आकांताने झुंजणं, त्याला समोर विरोध हवाच. 'पुल आउट ऑल द स्टॉप्स'मधले स्टॉप म्हणजे चर्चमधल्या ऑर्गनच्या खुंट्या. सगळ्या ओढल्या की वाद्य पूर्ण ताकदीने घुमतं. त्यामुळे रोजच्या राबण्यापेक्षा एखाद्या खास प्रसंगाच्या तयारीला तो शोभतो.

खरी गंमत मुष्टियुद्धात आहे. 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हात टेकणं. आधी झुंज झालेली हवी. ज्याने सुरुवातच केली नाही, त्याला हा लावू नका. 'पुल युअर पंचेस' म्हणजे ठोशाचा जोर मुद्दाम आवरणं. तो बहुतेकदा नकारात येतो: 'शी डिडंट पुल एनी पंचेस', म्हणजे ती भीडभाड न ठेवता बोलली. याची गल्लत 'रोल विथ द पंचेस'शी फार होते. ठोसा ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने अंग वळवलं की मार कमी लागतो. तसं, येईल त्या अडचणीशी जुळवून घेत पुढे जाणं. मला हा फार आवडतो, कारण त्यात सोसणं आहे आणि शहाणपणही. 'बिलो द बेल्ट', म्हणजे कमरेखाली ठोसा, हा खेळातला नियमभंग, बोलण्यात वर्मी लागणारा अन्यायी शेरा.

'गिव्ह इट अ शॉट' आणि 'टेक अ स्टॅब अ‍ॅट इट' म्हणजे करून पाहणं. सहकाऱ्याशी बोलताना खुशाल वापरा, नोकरीच्या अर्जात साधं 'ट्राय' बरं. 'अ शॉट इन द डार्क' मात्र निव्वळ अंदाज.

'नॉक युअरसेल्फ आउट' म्हणजे 'कर की खुशाल'. सुरात जरा बेपर्वाई असते, तेव्हा साहेबांना नको. 'ब्रेक अ लेग' (शब्दशः 'पाय मोड', पण अर्थ शुभेच्छा) रंगमंचावर जाणाऱ्याला म्हणा, शस्त्रक्रियेला निघालेल्याला चुकूनही नाही.

आणि 'बाइट द बुलेट' आवडीच्या मेहनतीला लावू नका. टाळत आलेलं, नकोसं पण अटळ काम मन घट्ट करून उरकायचं असेल, तेव्हाच तो काढा.