चाळिशीत वैमानिक व्हायचंय? आधी मेडिकल, मग पैसे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत चौदा वर्षं हिशेब लिहिले आणि 38व्या वर्षी घरात सांगितलं की मला विमान चालवायला शिकायचंय. आई काहीच बोलली नाही. येळ्ळूरचे थोरले काका म्हणाले, "पैसे घालायच्या आधी डोळे दाखवून ये बघ." उशिरा निघालेल्या माणसाला याहून नेमका सल्ला नाही.

चष्म्याने माणूस बाद होत नाही. चाळिशीत आडवे येतात ते रक्तदाब आणि साखर. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या यादीतल्या डॉक्टरांकडे आधी क्लास 2 मेडिकल होतं, मग व्यावसायिक वैमानिकाला लागणारं क्लास 1. माझा रक्तदाब वर निघाला आणि 'टेम्पररी अनफिट' असा शेरा पडला. चार महिने रोज पहाटे चाललो, मीठ तोडलं, तेव्हा फिट झालो. ॲकॅडमीत पैसे भरून बसलो असतो तर हे चार महिने फार जड गेले असते.

माझी बारावी कॉमर्सची. कमर्शियल पायलट लायसन्सला फिजिक्स आणि गणित लागतं, म्हणून एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून ते दोन विषय दिले. नोकरी चालू ठेवून डीजीसीएचे पेपरही घरीच केले. प्रत्येक पेपरात 70 टक्के लागतात. पगार येत असतानाच हे उरकून घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

अभ्यासाला घाबरू नका. हवामानाच्या पेपरात मला आमचा वळीव भेटला. मे महिन्यात सकाळभर जमीन तापते, समुद्राकडून दमट वारा येतो, ती हवा वर उसळते आणि दुपारी चारला ढगांचे डोंगर उभे राहतात. शेतात आम्ही तो बघून धावत घर गाठायचो; आता अशा ढगाच्या आसपासही विमान न्यायचं नाही, हे कारणासकट कळलं. नेव्हिगेशनमध्ये 'वन इन सिक्स्टी'चा नियम आहे: 60 मैलांत एक मैल बाजूला गेलात तर चूक एका अंशाची. म्हणजे 30 मैलांत दोन मैल सरकलात तर चार अंशांची. चौदा वर्षं त्रैराशिक मांडलेल्या माणसाला हे परकं वाटलं नाही. जड गेली ती आरटीआर, रेडिओची परीक्षा. घरी मराठी, कामावर कन्नड, आणि रेडिओवर तुटक, ठरावीक इंग्रजी. 'नाइन'ला 'नाइनर' म्हणायचं, कारण रेडिओच्या खरखरीत ते 'फाइव्ह'सारखं ऐकू येतं. स्वयंपाकघरात बायको कंट्रोल टॉवर व्हायची. दोन महिने मोठ्याने म्हटलं, तेव्हा जीभ वळली.

आता पैशाचं. लायसन्सला किमान 200 तास उड्डाण लागतं, त्यात 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. खर्च साधारण 50 लाखांच्या घरात जातो. टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक विमान चालवायला शिकण्याचे पैसे वेगळे. अनगोळचा प्लॉट विकून मी दूरच्या एका ॲकॅडमीत मोठी रक्कम एकदम भरली, तीच माझी चूक झाली. तिथली निम्मी विमानं दुरुस्तीला उभी होती. पंधरा-पंधरा दिवस नाव लागायचं नाही. खंड पडला की हात विसरतो, मग तोच धडा पुन्हा, पैसेही पुन्हा. त्या संस्थेतून राहिलेले पैसे परत मिळवायला सात महिने लागले. विशीतल्या पोराचा एवढा वेळ गेला तर भरून निघतो. आपल्याला 65व्या वर्षी थांबायचंय, त्यामुळे प्रत्येक महिना मोजून वापरावा लागतो.

उरलेले तास मी सांबऱ्याला, आमच्या बेळगावच्या विमानतळावर केले. 2021 साली विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षणासाठी पाच विमानतळ निवडले: बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी. घरचा डबा खाऊन शिकता आलं, भाडं वाचलं. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग इतके खाली उतरतात की दिवसचे दिवस बसून राहावं लागतं. म्हणून ऑक्टोबरात सुरुवात करा. इथून पहिल्यांदा एकट्याने उडालो तेव्हा शेजारची सीट रिकामी होती आणि विमान हलकं होऊन नेहमीपेक्षा लवकर वर उचललं गेलं. उजव्या हाताला काकांच्या गावचा राजहंसगड दिसला, पण बघत बसलो नाही. उतरायची तयारी करायची होती.

आज 43 वर्षांचा आहे. लायसन्स हातात आहे, एअरलाइनची नोकरी अजून नाही, अर्ज चालू आहेत. घरात दोन वर्षं पुरेल एवढी शिल्लक ठेवूनच मी राजीनामा दिला होता, त्यामुळे घर चाललंय.

ॲकॅडमी बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा घेऊन परत येऊ नका. तीन-चार दिवस जा, शिकणाऱ्या पोरांशी बोला. एकच विचारा: गेल्या महिन्यात तू स्वतः किती तास उडालास? चार-पाच जणांचे आकडे वहीत लिहा, आणि पैसे हप्त्याने घेत असतील तरच पुढे बोला.