पेटी उघडण्याआधी : मित्रमंडळींच्या खेळरात्रीची तयारी

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे आणि पटावरचा एखादा चांगला खेळ दोन-तीन तास मन लावून खेळायचा, एवढाच आमचा शिरस्ता आहे. पण ज्याच्या घरी बैठक असते त्याने तयारी केली नसेल, तर पाच-सहा जणांनी मुश्किलीने काढलेली संध्याकाळ फुकट जाते. मागची बैठक माझ्याकडे होती आणि नव्या खेळाची पेटी मी सगळे जमल्यावर त्यांच्यासमोर फोडली. नियमपुस्तिका या हातातून त्या हातात फिरत राहिली, रात्रीचा मोठा भाग वाचण्यात आणि वाद घालण्यात गेला आणि डाव अर्ध्यावरच आवरावा लागला. पुढे जे लिहिले आहे त्यातले बाकी काही राहून गेले तरी निभावून नेता येते. नियम आधी वाचायचे राहिले, तर काहीच निभावत नाही.

तारीख ठरवताना छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टी आधी विचाराव्यात. पहिली म्हणजे कुणाची कोणती पाळी आहे, कारण वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेला मित्र घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते आणि त्याच्यासाठी थांबून राहिलेले बाकीचे तोवर जांभया देऊ लागतात. दुसरी म्हणजे यजमानाच्या गल्लीत पाणी कधी येणार आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ते नेमके संध्याकाळी आले, तर यजमान मोटार, टाकी आणि पिंप यांच्यातच अडकतो आणि त्याचा डाव दुसराच कुणीतरी खेळतो. लग्नसराईतला शनिवार तर धरूच नका.

माणसे मोजणे हे वाटते तेवढे सोपे नाही. ‘येतो’ म्हणणारा येतो. ‘बघू’ म्हणणारा येतही नाही किंवा येताना मेव्हण्याला घेऊन येतो. या खेळांना माणसांची मर्यादा असते, म्हणून दोन दिवस आधी प्रत्येकाकडून स्पष्ट होकार किंवा नकार घ्यावा. कॅटन म्हणजे वसाहती बांधण्याचा खेळ; त्याची मूळ पेटी तीन किंवा चार जणांसाठी आहे. पाच-सहा जणांना खेळायचे तर जादा भागाची वेगळी पेटी लागते. पँडेमिक दोन ते चार जणांचा, तर टिकिट टू राइड आणि कार्कासोन दोन ते पाच जणांचे. इशाऱ्यावरून शब्द ओळखायच्या कोडनेम्समध्ये दोन गट पडतात, त्यामुळे निदान चार जण हवेत आणि सहा-आठ असले तर आणखी चांगले. सहा जण आले आणि मुख्य खेळ चौघांचाच असला, तर ‘तुम्ही दोघे पुढच्या डावाला बसा’ असे सांगू नये. पुढचा डाव सुरू व्हायला दोन तास लागतात आणि त्या दोघांना परत बोलावण्याचे तोंड आपल्याला राहत नाही. अशा वेळी दुसरा खेळही काढून तिघा-तिघांचे दोन डाव मांडावेत किंवा सरळ गटाने खेळायचा खेळ काढावा. मुख्य खेळासोबत हाताशी असू द्यायचा हा दुसरा खेळही आधीच ठरवून ठेवा. आणि त्याचेही नियम वाचा.

आता मुख्य गोष्ट. कॅरम, लुडो, सापशिडी, मेंढीकोट, बदाम सात हे खेळ आपल्याला कुणी पुस्तक वाचून शिकवलेले नाहीत. मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि ते येऊ लागले. त्यामुळे खेळ म्हणजे पेटी उघडायची, सोंगट्या वाटायच्या आणि सुरू करायचे, ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. १९९५ साली जर्मनीत आलेला कॅटन किंवा त्यानंतरचे खेळ तसे नाहीत. त्यांचे नियम आपल्या घरात कुणालाच ठाऊक नसतात, चूक झाली तर टोकणारे आजोबा शेजारी नसतात आणि पुस्तिका इंग्रजीत असते. म्हणून निदान एका माणसाला तो खेळ पुरता यायलाच हवा आणि तो माणूस यजमान असायला हवा. इतरांवर सोडू नका. प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने वाचले असेल.

वाचायचे म्हणजे काय, तेही सांगतो. पहिल्यांदा पुस्तिका सरळ वाचून काढावी, अडले तरी थांबू नये. दुसऱ्यांदा वाचताना पट प्रत्यक्ष मांडावा. तिसऱ्यांदा तिन्ही-चारही खेळाडूंच्या चाली एकट्यानेच खेळून पाच-सहा फेऱ्या पूर्ण कराव्यात, कारण खरी शंका पुस्तिका वाचताना नव्हे, तर सोंगटी हातात घेतल्यावर येते. समजावणारे व्हिडिओ अवश्य पाहावेत, पण आदल्या दिवशी. पाहुण्यांसमोर लावलेला व्हिडिओ कुणीही शेवटपर्यंत पाहत नाही. त्यानंतर घरातल्या कुणालातरी समोर बसवून सगळा खेळ मोठ्याने समजावून सांगावा. जिथे आपण ‘ते पुढे कळेलच’ म्हणून वेळ मारून नेतो, तो नियम आपल्याला आलेला नसतो.

कॅटनचेच उदाहरण घ्या. जमिनीवरच्या चकतीचा आकडा फाशांवर पडला की तिच्या कडेला वसाहत असणाऱ्याला तिथल्या मालाचे पान मिळते, हा त्याचा गाभा. सुरुवातीच्या वसाहती मांडताना पहिली फेरी क्रमाने जाते आणि दुसरी उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटच्या खेळाडूला लागोपाठ दोन वसाहती मांडता येतात. सुरुवातीचा माल मात्र दुसऱ्या वसाहतीभोवतीच्या जमिनींचाच मिळतो. फाशांवर सात पडले की ज्याच्या हातात मालाची सातहून अधिक पाने असतील त्याला निम्मी टाकावी लागतात, आणि हे निम्मे खालच्या पूर्णांकात धरायचे असल्याने आठ पाने असणाराही चार टाकतो आणि नऊ असणाराही चारच. देवघेव फक्त ज्याची पाळी चालू आहे त्याच्याशीच करता येते, उरलेले खेळाडू आपसांत करू शकत नाहीत. आमच्या बैठकीत सर्वांत मोठा वाद याच नियमावरून झाला आणि तो पुस्तिकेत स्पष्ट दिलेला आहे. माल देऊन विकत घेतलेले विकासपत्र, म्हणजे खास फायदा देणारे पान, त्याच पाळीत वापरता येत नाही. अपवाद फक्त विजयगुणाच्या, म्हणजे थेट गुण देणाऱ्या पत्राचा. यातला एकही नियम अवघड नाही. पण तो डाव रंगात आल्यावर कळला, तर ज्याचे नुकसान होते त्याला आपण फसवले गेलो असे वाटते, आणि त्याचे काही चुकत नाही.

समजावण्याचा क्रमही ठरवून ठेवावा. आधी जिंकायचे कसे ते सांगावे, म्हणजे कॅटनमध्ये आपल्या पाळीत जो प्रथम दहा गुण गाठेल तो जिंकला. मग एका पाळीत काय करायचे : फासे टाका, देवघेव करा, बांधा. अपवाद शेवटी, आणि दुर्मीळ अपवाद वेळ येईल तेव्हाच. एक गोष्ट मात्र नवख्यांना पहिली वसाहत मांडण्याआधीच सांगावी. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहाच्या पाच आणि आठच्याही पाच असतात, तर दोनची एक आणि बाराचीही एकच. आकड्यांच्या चकत्यांवर जे ठिपके असतात ते हेच दाखवतात. हे न सांगता नव्या माणसाला बाराच्या चकतीवर बसू दिले, तर तो तासभर काहीही हाती न येता नुसता बसून राहतो आणि पुढच्या महिन्यात त्याला काहीतरी काम निघते. वीट, लाकूड, लोकर, गहू, खनिज ही मालाची नावे मराठीतच ठरवून शेवटपर्यंत तीच वापरावीत, आणि पाळीचा क्रम व बांधकामाची किंमत अर्ध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून पटाशेजारी ठेवावी. हा कागद दहा मिनिटांचे काम आहे. तो आदल्या रात्रीच लिहा, कारण बैठकीच्या दिवशी वेळ मिळत नाही म्हणजे मिळत नाही.

कोडनेम्स खेळायचा असेल आणि इंग्रजी शब्दांवर अडणारे कुणी असतील, तर चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहून घ्यावेत. पाच बाय पाच असे २५ शब्द एका डावाला लागतात, म्हणून निदान शंभर लिहावेत. पान, माळ, तार, कर, जोडा असे एकाहून अधिक अर्थांचे शब्द निवडले तर खेळ फार सुरेख होतो. कोणता शब्द कुणाचा हे दाखवणारी पेटीतली सूचकपत्रे तशीच वापरता येतात : सुरुवात करणाऱ्या गटाचे नऊ शब्द, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत आणि एक मारेकरी, म्हणजे जो निवडला की गट हरतो तो शब्द. मागच्या वेळी आमचा जो काही थोडाबहुत वेळ आनंदात गेला, तो याच खेळाने.

सोंगट्या आणि पाने आदल्या दिवशी मोजावीत. कॅटनच्या जमिनी १९, आकड्यांच्या चकत्या १८, मालाची पाने प्रत्येकी १९ म्हणजे एकूण ९५. टिकिट टू राइडमध्ये प्रत्येकाला आगगाडीचे ४५ डबे लागतात. एखादी सोंगटी हरवली असेल तर शर्टाचे बटण चालते. हरवली आहे हे ऐनवेळी कळणे मात्र चालत नाही.

बसायला सतरंजी उत्तम. आपल्याकडची टेबले या पटांना पुरत नाहीत आणि ओढून जोडलेल्या दोन टेबलांमधल्या फटीत पाने जातात. फासे परातीत टाकावेत आणि परातीत फडके पसरावे, म्हणजे ते पटावर उसळत नाहीत आणि रात्री शेजाऱ्यांना आवाजही जात नाही. मार्च ते जूनमध्ये खरी अडचण कूलरची असते. त्याचा झोत पटावर आला की पानांच्या गड्ड्या उडतात, हे सगळ्यांना दिसते; त्याची ओल पुठ्ठ्यात शिरते, हे मात्र दिसत नाही. दोन तासांत पाने धनुष्यासारखी वाकतात आणि पिसताना एकमेकांना धरत नाहीत. बेचाळीस अंशांत कूलर बंद करा असे मी सांगणार नाही. त्याचे तोंड भिंतीकडे वळवावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि खेळ महागाचा असेल तर पानांना प्लास्टिकची पाकिटे घालावीत. वळवाच्या दिवसांत वीज जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा भरून ठेवावा. मोबाइलच्या उजेडात लाल आणि नारिंगी सोंगट्या ओळखू येत नाहीत आणि त्यावरूनही भांडणे होतात.

जेवण खेळाच्या आधी उरकावे. नान-खलिया मागवायचा असेल तर अवश्य मागवा, पण पट मांडण्यापूर्वी, आणि हात साबणाने धुवायला लावा. खेळताना भजी, शेव, तेलकट चिवडा नको. फुटाणे, खारे शेंगदाणे, फळांच्या फोडी ठीक. चहाचे कप सतरंजीवर कधीही ठेवू नयेत. हात पोचेल अशा उंचीचे एक स्टूल मागे ठेवावे.

पैशांवर खेळू नये, गंमत म्हणून दहा रुपयेसुद्धा नाही. पैसे लावून पत्ते खेळण्याचा शेवट पोलीस ठाण्यात झाल्याच्या बातम्या आपल्या भागात सतत येतात आणि महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. घर भाड्याचे असेल तर मालकांना आधी सांगावे आणि पटही दाखवावा. आमच्या एका मित्राचे घरमालक काका पट पाहून स्वतःच एका डावाला बसले.

नियम वाचून झाले आहेत ना? हा परिच्छेद वाचताना उत्तर ‘आज रात्री वाचतो’ असे येत असेल, तर बैठक उद्याची असो की परवाची, आधी उठून पुस्तिका काढा. फराळ, दिवा, सतरंजी हे सगळे पाहुणे आल्यावरही सावरता येते, एखादा मित्र येताना घेऊनही येतो. नियम कुणी येताना घेऊन येत नाही.

प्रत्यक्ष संध्याकाळबद्दल थोडक्यात. पट आधीच मांडून ठेवा. उशिरा येणाऱ्यासाठी पंधरा मिनिटांहून अधिक थांबू नका; तोवर कॅरम चालेल. समजावणे पंधरा-वीस मिनिटांत संपवा आणि पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांची पाने उघडी ठेवून खेळा. नियमाबद्दल शेवटचा शब्द एकाचाच, आणि तो कोणाचा हे सुरुवातीलाच सांगा. मोबाइल बाजूला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला चाली शिकवू नयेत. साडेदहानंतर नवा मोठा डाव लावू नका. मैत्रिणींना आणि लांब राहणाऱ्यांना घरी कोण सोडणार, हे जेवतानाच ठरवा.

आवरताना सगळ्यांनी हात लावायचा, रंगनिहाय पिशव्या भरायच्या, मोजायचे. पुढची तारीख आणि पुढचे घर तिथेच ठरवायचे, आणि त्या घरच्या माणसाच्या हाती खेळ त्याच रात्री द्यायचा. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये, ओल धरते. लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवावी.