निर्णयांची फाइल आधी, कोड नंतर

रावेरला आमच्या केळीच्या बागेत ओलावा मोजणारं यंत्र करायला घेतलं, तेव्हा फोल्डरमध्ये सगळ्यात आधी ‘निर्णय’ नावाची साधी टेक्स्ट फाइल केली. तुम्हीही करा. सॉफ्टवेअर अभियंते मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेला साचा पुरतो: शीर्षक, सद्यस्थिती, परिस्थिती, निर्णय, परिणाम. माझी एक नोंद: ‘वायफाय नको, लोरा (लांबवर पण थोडाच डेटा पाठवणारा रेडिओ). घर लांब, मधे केळीची दाट पानं. मॉड्यूल ८६५–८६७ मेगाहर्ट्झचंच, भारतात तो पट्टा वापरायला परवाना लागत नाही. परिणाम: फोटो जाणार नाहीत, फक्त आकडे.’

नाकारलेला पर्याय कारणासकट लिहाच. कापणीच्या दिवसांत काम पडून राहतं; पोळ्यानंतर पुन्हा हातात घेतलं, की आधी तेच शोधावं लागतं. निर्णय बदलला तरी जुनी नोंद खोडू नका, ‘रद्द’ लिहून खाली नवी जोडा. वायरचे रंग मात्र लिहीत बसू नका.