सोलापुरात खोलवरची थेरपी सुरू करताना

थेरपिस्टला पहिल्या फोनवरच विचारा: शिक्षण काय, सायकोडायनॅमिक पद्धतीने (जुनी नाती आणि मनात दडलेलं उलगडत) काम करता का, स्वतः सुपरव्हिजन (आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) घेता का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. नंबर मागायला लाजू नका. झोप-जेवण पार उडालं असेल तर आधी सायकिअॅट्रिस्टला (मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरला) दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल तर सेशनची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

भाषेचा विचार आपल्याकडे जास्तच करावा लागतो. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी. लहानपणी आई कुठल्या भाषेत रागवायची? तिचे शब्द आधी जसेच्या तसे उच्चारा, मग मराठीत अर्थ सांगा. थेट मराठीत सांगितलं की वाक्य नीटनेटकं येतं, पण दाटून आलेला गळा मोकळा होत नाही.

आठवड्यातून किमान एकदा, तोच वार, तीच वेळ, साधारण 50 मिनिटं. चुकलेल्या सेशनची फी आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या), दिवाळीच्या सुट्ट्या आधीच ठरवा. ऑनलाइन असेल आणि घरात आडोसा नसेल तर गाडीत बसून बोलता येतं. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या आतली वेळ मागा.

विषय ठरवून जाऊ नका. ‘हे काय सांगायचं’ असं जे वाटेल, नेमकं तेच सांगा. महत्त्वाचं बरेचदा 48व्या मिनिटाला, चपला घालताना निघतं: "बाकी, अण्णांशी बोलणं बंद आहे." पुढचं सेशन तिथूनच सुरू करा.

बहुतेकांचं काम मोडतं ते काही महिन्यांनी, थेरपिस्टचाच राग येऊ लागल्यावर. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, एवढंही पुरतं. मग "आता बरं वाटतंय" असा मेसेज टाकून माणूस थांबतो. हा राग बरेचदा जुन्या नात्यातला असतो. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. 1900 साली डोरा नावाने ओळखली जाणारी पेशंट मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याकडून अकरा आठवड्यांत निघून गेली, आणि ट्रान्सफरन्स वेळेत ओळखला नाही हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं. म्हणून राग तोंडावर सांगा, तेही त्याच खोलीत. थेरपिस्टने अंगचटीला येणं, उसने पैसे मागणं, तुमचं बोलणं बाहेर सांगणं यात मात्र समजून घेण्यासारखं काही नाही. तिथून लगेच बाहेर पडा.

थेरपी थांबवायची असेल तर किमान चार सेशन आधी सांगा. निरोपाच्या त्या सेशनमध्ये जुने निरोप वर येतात, न घेतलेले सुद्धा.