सांदण दरीला जाताय? आधी साम्रदमधला माणूस ठरवा

सांदणला पहिल्यांदा गेलो तेव्हा गाईड घ्यायचा की नाही यावरून मीच ग्रुपमध्ये वाद घातला होता. म्हटलं दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधे एवढीशी चीर, सांदीकोपऱ्यातली सांद असते ना तशी, वाट चुकायला जागाच नाही तर वाटाड्या कशाला? मे महिना होता, दरी कोरडी ठणठणीत. शेवटी मित्राने दरीजवळच्या साम्रद गावातल्या एका मामांना सोबत घेतलंच. आम्ही दगडांवरून उड्या मारत पार टोकाच्या कड्यापर्यंत पोचलो, डबे उघडले आणि मामा म्हणाले, "आवरा, निघायचं." का? तर शेजारच्या रतनगडावर ढग बसला होता. आमच्या डोक्यावर एक थेंब नाही. कुरकुर करत निघालो आणि अर्ध्या वाटेत बघतो तर येताना जिथे बूट आपटून धूळ उडत होती तिथे दोन दगडांच्या मधून बोटभर गढूळ धार वाहत होती. त्यानंतर मी गाईडच्या पैशांवरून कधी बोललो नाही.

तर आता तुमच्यासाठी. साम्रद म्हणजे नगर जिल्ह्यातला अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. मुंबईकरांनी लोकलने कसारा, तिथून जीपने घोटीमार्गे शेंडी, मग धरणाला वळसा घालून साम्रद. पुण्याहून येणारे स्वतःची गाडी असेल तर सुखात. गाव बहुतेक महादेव कोळ्यांचं, म्हणजे १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या राघोजी भांगऱ्यांचा समाज. गाईड, जेवण, तंबू, सगळं गावातच होतं. आदल्या दिवशी फोन करून एकाच घराशी ठरवा, दर तेव्हाच विचारून घ्या आणि तिथे गेल्यावर घासाघीस करू नका राव. रोख पैसे न्या, नेटवर्कवर भरवसा ठेवू नका. नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते ती वेगळी.

कधी जायचं, यात लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. दरी आणि धबधबे एकाच ट्रिपमध्ये नीट होत नाहीत. पावसाळ्यात दरीत उतरायचंच नाही, कारण आजूबाजूच्या कातळावरचं सगळं पाणी त्या चिरेतूनच खाली कोकणात जातं. (गंमत बघा, इथलं पाणी पश्चिमेला पळतं आणि शेजारच्या रतनगडावर उगम पावलेली प्रवरा उलटी पूर्वेला गोदावरीकडे.) पावसाळ्यात वरूनच फिरा. साम्रदच्या कड्यावर वारा जोरात असला की खाली पडणारं पाणी तोंडावर परत येतं, तो उलटा धबधबा बघा, पण कड्याच्या किती जवळ जायचं ते गाईड ठरवेल, तुमचा कॅमेरा नाही. येता-जाता प्रवरेवरचा रंधा धबधबा बघून घ्या. धरणातून पाणी सोडलेलं असलं की तो खरा गरजतो, एरवी हिरमोड होऊ शकतो, म्हणून गावात आधी विचारा.

दरीसाठी डिसेंबर ते मार्च बेस्ट. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात, डिसेंबरात कमरेपर्यंत पाणी असू शकतं आणि गार एवढं की बोलती बंद. फोन-पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरा. गाईड आधी काठी घालून बघतो आणि मग कातळाच्या कुठल्या खाचेत पाय ठेवायचा ते सांगतो, तिथेच ठेवा, पलीकडचा दगड कितीही सपाट दिसला तरी तो शेवाळलेला असतो. पुढे सगळा मोठमोठ्या धोंड्यांचा खेळ, बुटांना ग्रिप हवीच. सकाळी लवकर शिरा. ऊन आत जेमतेम दुपारी पोचतं, सावलीची दरी उगाच म्हणत नाहीत. कड्याच्या टोकाला समोर आजोबाचा डोंगर दिसतो, तिथून बहुतेकांनी परत फिरायचं. पुढे दोर लावून खाली कोकणातल्या डेहणे गावाकडे उतरता येतं, पण त्याला दोराचं काम जाणणारी टीम लागते, नवख्यांनी हट्ट करू नये.

अजून एक, आत स्पीकर, सिगरेट, शेकोटी काहीही नको, वर कातळाला आग्या मोहोळं असतात. मामांनी आम्हाला एक दाखवलं होतं, लांबून वाटलं कातळावर काळा डाग आहे आणि मग तो डाग हलला. त्यानंतर आमच्यातला सगळ्यात बडबड्या माणूस गाव येईपर्यंत गप्प होता.

मुक्काम गावाजवळच्या मोकळ्या जागेत करा, दरीत नाही. पहाटे उठलात तर अलंग-मदन-कुलंग हे तिन्ही किल्ले समोर उभे असतात. जेवणात पनीर मागू नका, चुलीवरची नागलीची भाकरी, ठेचा आणि जे काय कालवण असेल ते. आम्ही जेवायला होतो त्या घरच्या ताईंनी काळभाताचा, म्हणजे इथल्या सुवासिक तांदळाचा भात केला होता, पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा मी पडवीत होतो तरी वास आला. निघताना दोन किलो तांदूळ मागितला तर म्हणाल्या, "आता बियाण्यापुरताच उरलाय, दिवाळीनंतर या."