ट्रकचं इंजिन दहा लाख किलोमीटर चालवायचं असेल तर या चुका टाळा

नवी गाडी घेतली की मालक विचारतात, "इंजिन किती चालेल?" मोठ्या ट्रकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन नीट सांभाळलं तर आठ-दहा लाख किलोमीटर उघडावं लागत नाही. माझ्याकडे मात्र चार लाखांतच इंजिन उतरवायच्या गाड्या येतात. बहुतेकदा घात ऑइलने नाही, पाण्याने केलेला असतो.

इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटबद्दल "रंगीत पाण्याला एवढे पैसे कशाला?" म्हणत रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरतात. इंजिन चालताना लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती लोखंडी नळी, थरथरतो, त्याला लागून पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंड टोकरतात. कुलंटमधलं रसायन लायनरवर पातळ थर धरून त्याला वाचवतं. बोअरच्या पाण्याने तो थर तर मिळत नाहीच, वर क्षार साचतात.

मागच्या उसाच्या हंगामात एक गाडी ओढून आणली. ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. लायनर काढला, बाहेरच्या अंगाला एका रेषेत खड्डे, एकातून सुई आरपार. बेअरिंगही गेलेली. तीन वर्षं कुलंटचे पैसे वाचवले आणि ऐन हंगामात गाडी महिनाभर उभी राहिली. मालकाचा चेहरा अजून आठवतो. मी स्वतः कंपनीने सांगितलेलंच कुलंट भरतो आणि तयार मिश्रणाचा एक कॅन केबिनमध्ये ठेवतो, म्हणजे रस्त्यात कमी पडलं तरी हातपंप शोधावा लागत नाही.

कसारा घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की घाईने गार पाणी ओतू नका, इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड तडकतं. रेडिएटरचं गरम झाकण उघडलं तर वाफेने हात भाजतो. अर्धा तास थांबा. माल तेवढ्यासाठी नासत नाही.

एअर फिल्टर टायरवर आपटून साफ करणं बंद करा, कागद फाटतो. फिल्टरनंतरच्या होसमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर ती पिस्टन रिंगपर्यंत पोहोचलीच आहे.

चढ चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, तीन मिनिटं स्लोवर ठेवा. नाहीतर इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोत ऑइल जळून घट्ट होतं.

बीएस-६ गाडीत जुन्या ग्रेडचं स्वस्त ऑइल घालू नका, त्याच्या राखेने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो.

ऑइल किती किलोमीटरला बदललं ते मी दरवाज्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहितो. ड्रायव्हर काम सोडतो तेव्हा नोंदींची वही त्याच्याबरोबर जाते.